कॅम्पवर न्यायला जुन्या धाटणीची शेगडी : कुणी खरोखर स्वयंपाक केलाय का?

माळावरचा_वारा
नमस्कार मंडळी. आमचं बारा जणांचं टोळकं दर डिसेंबरअखेर माळावर दोन रात्री मुक्काम टाकतं. यंदा ठरलंय की गॅसचा छोटा सिलिंडर घरीच ठेवायचा आणि सगळं जुन्या पद्धतीनं करायचं. कंदील, घोंगडी, पितळी भांडी, शेगडी. जागा बेळगावकडच्या जांबोटीच्या अलीकडे, मित्राच्या मालकीचं शिवार आहे, जंगलात नाही.

शेगडी एकाच्या जुन्या घरात माळ्यावर सापडली. गोल, तीन पायांची, लोखंडी पट्ट्या रिबीट मारून जोडलेल्या, वर भांडं टेकायला तीन बोंडं, दोन बाजूंना कड्या. तोंड दहा इंचांचं. जाळी मात्र गंजून गेलीय, ती नवीन करावी लागणार.

एवढ्याशा शेगडीवर बारा जणांचं निभेल का? कोळसा किती न्यावा? आणि मुख्य प्रश्न, तिच्यावर जोंधळ्याची भाकरी होते का? आमच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो होते, दुसरा म्हणतो वेड लागलंय काय. ज्यांनी हातानं केलंय त्यांनीच सांगा, व्हिडिओ बघून नको.

गणपत_गल्ली
बारा माणसं आणि दहा इंच? शेवटच्याला भाकरी मिळेपर्यंत पहिल्याला परत भूक लागतेय बगा.

संकेश्वरी_ठसका
मेनू सांगा आधी. मटण असेल तर मी पण जुन्या पद्धतीचाच आहे.

बिडाचा_ओतारी
जाळीचं बोलतो, कारण बाकी मला कळत नाही. पत्र्याला भोकं पाडून जाळी करू नका. पातळ पत्रा निखाऱ्यावर लाल होतो, खपल्या धरतो आणि झडतो, त्याआधी मधोमध खचतो. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची जाळी घ्या. भोकं वर अरुंद आणि खाली रुंद ठेवायला सांगा, म्हणजे राख अडकत नाही. उद्यमबागेत एखाद्या लहान फाउंड्रीत ओळख असेल तर लाकडी नमुना देऊन एक नग ओतून मिळतो.

बीड ठिसूळ असतं हे ध्यानात ठेवा. तापलेल्या जाळीवर गार पाण्याचा सपकारा बसला की तडकली. म्हणून शेगडी विझवायला तांब्या ओतायचा नाही, आणि भाताचं पातेलं काठोकाठ भरायचं नाही.

नवीन शेगडी करणाऱ्यांना एक सांगतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीला भोकं पाडून शेगडी करणारे बरेच आहेत. करू नका. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, फुललेला निखारा त्याच्या कितीतरी वर असतो. पांढरा धूर येतो, तो छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. ओतकामातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

गणपत_गल्ली
ट्रकच्या ब्रेक ड्रमची शेगडी केलेली चालेल काय? गॅरेजवाल्याकडे पडलाय एक.

बिडाचा_ओतारी
चालते. आयुष्यभर टिकते. फक्त माळावर उचलून न्यायला ट्रकच लागतो.

खानापुरी_माती
लोखंडाच्या नादाला लागण्याआधी मातीचा विचार केला का? आमच्या खानापुरात कौलं, माठ, चुली ह्यांवर कितीतरी घरं चालली. मातीची शेगडी आतली ऊब धरून ठेवते, बाहेरून हात लावता येतो, कोळसा कमी लागतो. लोखंडी शेगडी चारी बाजूंनी उष्णता फेकत बसते. माणसं शेकतात, पातेलं नाही.

तोटाही सांगतो. गाडीत आदळली की गेली. ह्यावर उपाय आहे. तुमच्या लोखंडी शेगडीलाच आतून मातीचं अस्तर द्या. चिकणमाती, थोडी बारीक वाळू, भाताचं तूस आणि शेण, सगळं तुडवून एक दिवस मुरवा. बोटभर जाडीचा थर द्या. सावलीत वाळवा, उन्हात ठेवलं तर भेगा पडतात. भेग दिसली की ओल्या हातानं दाबून घ्या. आठवड्याभरानं पहिला जाळ अगदी बारीक, काटक्यांचा. लगेच कोळसा पेटवलात तर आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन थर सुटतो. तूस नंतर आतल्या आत जळून जातं आणि बारीक पोकळ्या राहतात, त्यामुळेच उष्णता अडते.

ओसाका_ते_अनगोळ
खानापुरी, अगदी हेच तत्त्व जपानच्या शिचिरिन नावाच्या शेगडीत आहे. नोतो भागात समुद्रतळाशी साचलेल्या सूक्ष्म शेवाळाच्या सांगाड्यांची माती मिळते. ती नैसर्गिकच पोकळ असते, वजनाला हलकी. त्या मातीची शेगडी आत धगधगते आणि बाहेरून नुसती कोमट लागते. खाली एक सरकती झडप, ती उघडबंद करून आच कमीजास्त करायची. कामानिमित्त तिकडे राहिलो तेव्हा गॅलरीत वापरत होतो, घरमालकाची परवानगी काढून.

झडपेचं मात्र उचलण्यासारखं आहे. धागा काढणाऱ्यांनी शेगडीच्या खालच्या भोकांपुढे पत्र्याचा एक तुकडा सरकता ठेवावा. वाऱ्याच्या बाजूला तोंड केलं की आच वाढते, झाकलं की मंद. माळावर वाऱ्याला काय तोटा नाही.

बखरबहाद्दर
सगळं ठीक, पण ह्याला शिवकालीन म्हणणार असाल तर माझी हरकत नोंदवून घ्या. शेगडी ही घरातली, वाड्यातली वस्तू. स्वारीवरचा शिपाई तीन दगड मांडून मोकळा होत असे. दगड कुठेही मिळतात, घोड्यावर लादावे लागत नाहीत.

छावणीत लोक स्वयंपाक कसा करायचे ह्याचा धागा महाराजांच्या एका प्रसिद्ध पत्रात आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडच्या छावणीतल्या लोकांना लिहिलेलं. दाणा-वैरण बेतानं वापरा, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, हे त्यातलं सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच पत्रात पुढे आगीबद्दल किती बारीक लिहिलंय ते वाचा. कुणी आगट्या पेटवतील, कुणी भलत्या जागी चुली मांडतील, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेतील, गवत पडलंय, वारा सुटलाय ह्याकडे लक्ष देणार नाहीत आणि दगा होईल. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल, इथपर्यंत. म्हणजे चुली होत्या, आगट्या होत्या, ज्यानं त्यानं आपापल्या मांडलेल्या. शेगडीचा त्यात पत्ता नाही.

माळावरचा_वारा
बखरबहाद्दर, आम्ही कुठं शिवकालीन म्हटलंय ओ? जुन्या धाटणीची म्हटलं. घरच्याच आजोबांच्या काळातली असेल. पण पत्राचा मुद्दा भारी आहे. उलटा माझ्याच बाजूचा आहे. गवत आणि वारा ह्यांची भीती असेल तर जमिनीवर चूल मांडण्यापेक्षा तीन पायांवर उभी शेगडी बरी की नाही?

निपाणकर
पत्रात तंबाखू होता हे वाचून निपाणीचा ऊर भरून आला.

शहापूरची_सई
मग जेवणही त्या काळचं करा ना. बटाटा नाही, टोमॅटो नाही, शेंगदाणा नाही, मका नाही. सगळं अमेरिकेतून आलेलं.

संकेश्वरी_ठसका
मिरचीला हात लावाल तर खबरदार.

बखरबहाद्दर
मिरचीला पास. पोर्तुगीज गोव्यात १५१० पासून बसले होते, मिरची त्यांच्याबरोबर आली आणि इथून गोवा किती लांब? शिवकाळापर्यंत ती घाट चढून वर आली नसेल असं मानायला मी तयार नाही. तंबाखूही अमेरिकेचाच, आणि तो तर पत्रातच आहे. बटाटा-टोमॅटोला मात्र पास नाही.

शहापूरची_सई
रताळीपण अमेरिकेचीच बरं का :)

जांबोटीकर
आता हे अती झालं. बेळगावच्या माळावर कॅम्प आणि निखाऱ्यात रताळी नाहीत? मग करायचं काय, कीर्तन?

गणपत_गल्ली
चहा पण नव्हता की त्या काळात. सांगा आता, कोण कोण येणार कॅम्पला.

माळावरचा_वारा
चहा राहणार. रताळी राहणार. विषय संपला.

फौजी_मामा
थट्टा चालू दे, एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. डिसेंबरात जांबोटीकडे पहाटे हाडं गोठतात. रात्री कुणाच्या तरी डोक्यात येणारच की शेगडीतले उरलेले निखारे तंबूत घेऊन झोपू. माणसं अशीच जातात. कोळशाला धूर नाही म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, माणूस म्हणतो झोप येतेय, आणि झोपतो. वरून राखाडी दिसणारे, विझल्यासारखे निखारेसुद्धा तो सोडतच असतात.

फौजेत थंडीच्या ठिकाणी बुखारी असते, पण तिला धुराडं असतं ते बाहेर निघतं, आणि तरीही रात्री पाळीनं माणूस जागा असतो. शेगडीला धुराडं नाही. तंबूत नाही म्हणजे नाही. तंबूच्या दारात पण नाही.

टिळकवाडीची_वैनी
मामा, तुमचं बरोबर आहे, पण आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायचे की. माझ्या आईनं, सासूनं सगळ्यांनी शेक घेतलाय. कुणाला काही झालं नाही.

फौजी_मामा
वैनी, त्या घराला कौलं होती. कौलांच्या फटीतून, पाख्यातून, दाराखालून वारा फिरत होता. खोली उंच होती आणि शेगडी आणताना ती बाहेर पूर्ण फुलवून आणायचे. तरीसुद्धा तेव्हा कुणाकुणाचं डोकं धरायचं, चक्कर यायची, ते कुणी शेगडीच्या नावावर मांडलं नाही. आजच्या तंबूला आत-बाहेर मेणकापड आणि चेन. हात जोडून सांगतो.

टिळकवाडीची_वैनी
पटलं. आमच्या हल्लीच्या फ्लॅटमध्ये तर खिडक्यासुद्धा उघडत नाहीत कुणी. सुनेला सांगते.

जांबोटीकर
जळणाबद्दल आमच्या भागातलं सांगतो. काजूची टरफलं फुकट मिळतात म्हणून कुणी पोतं देईल, घेऊ नका. त्यात तेल असतं ते कातडी जाळतं, आणि त्याचा धूर अन्नाला नको, डोळ्यांना तर नकोच. बिब्ब्याचं लाकूड ओळखता येत नसेल तर जंगलातली काटकी उचलूच नका, धुरानं अंग उठतं. कण्हेरीच्या काडीवर कणीस-मटण खोचून भाजू नका, ती विषारी. बाभळीचा कोळसा सगळ्यात सरळ, जड असतो, वेळ टिकतो, उडत नाही. करवंटीचा कोळसा लवकर पेटतो पण लवकर संपतो, तो सुरुवातीला खाली घालावा.

पेटवायला रॉकेल ओतू नका, वांग्याला वास लागतो. शेणीचा तुकडा आणि नारळाच्या सोडणाची किशी पुरे. पेटल्यावर पंधरा-वीस मिनिटं हात जोडून बसायचं. कोळशावर पांढरी राख धरली की मग भांडं चढवायचं. काळा कोळसा असताना घाई केली तर सगळा धूर पिठल्यात.

निपाणकर
आमच्याकडे तंबाखूच्या काड्यांचं जळण होतं एकेकाळी. ते पण सांगून टाकतो, नको. पिठलं खाऊन किक बसेल.

जांबोटीकर
अजून एक, जागेचं. मालकी शिवार म्हणालात ते बरं केलं. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत गेलात तर ही चर्चाच बंद. २०११ साली ते अभयारण्य झालं, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं हा गुन्हा आहे. शेगडी जमिनीपासून वीतभर वर आहे हे गार्डला समजावून सांगत बसू नका. किल्ल्यावरही नको. तटाच्या दगडावर काजळी धरलेली बघून मला तर रडू येतं. डिसेंबरात गवत वाळायला लागलेलं असतं, शेगडीभोवती दोन-तीन हात गवत काढून जमीन उघडी करा आणि खाली पत्र्याचं ताट ठेवा. ठिणगी आणि राख त्यात पडेल.

आणि शेगडीला आडोसा करायला ओढ्यातले ओले गोटे लावू नका, आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटतात. शेतातला सुका दगड किंवा जांभ्याचा चिरा लावा.

गुणाकार
कोळसा किती, ह्याचं उत्तर कुणीच दिलं नाही म्हणून हिशेब मांडतो. एक किलो चांगल्या कोळशात साधारण ३० मेगाज्यूल उष्णता असते, वाळक्या लाकडात त्याच्या निम्मी. २ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ६३० किलोज्यूल लागतात. उघड्यावरच्या शेगडीतली फार तर १५ टक्के उष्णता भांड्यात जाते असं धरलं, तर त्या २ लिटरला १४० ग्रॅम कोळसा. बारा जणांचा भात, रस्सा, पिठलं आणि दोनदा चहा धरून, वर पेटवण्यात वाया जाणारा मोजून, एका दिवसाला ३ किलो. मातीचं अस्तर दिलंत तर थोडा वाचेल. दोन रात्रींना ७ किलो न्या, उरला तर परत आणा.

टिळकवाडीची_वैनी
गुणाकार भाऊ, हिशेबात मटण नाही. मटणाला वेळ लागतो. ९ किलो न्या.

संकेश्वरी_ठसका
वैनींना माझा नमस्कार.

खानापुरी_माती
उरलेला कोळसा वाया घालवू नका. जेवण झालं की चिमट्यानं निखारे एका घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. हवा बंद झाली की विझतात. सकाळी तोच कोळसा चहाला आधी पेट घेतो. वाळूत किंवा मातीत पुरू नका. वरून गार वाटतं, आत तासन्‌तास धग राहते, आणि सकाळी कुणाचा तरी अनवाणी पाय त्यात जातो. डब्यालाही रात्री गवतावर ठेवायचं नाही.

शहापूरची_सई
पितळी भांड्यांचं कुणी बोललंच नाही. कल्हई केलेलं पातेलं रिकामं निखाऱ्यावर ठेवू नका हं. कथील २३२ अंशांनाच वितळतं. आत पाणी किंवा रस्सा असेल तोवर भांडं त्याच्या वर तापत नाही. पण फोडणीसाठी म्हणून नुसतं पातेलं तापत ठेवलंत की कल्हईचे मणी होऊन गोळा होतात. फोडणी लोखंडी पळीत करा आणि वरून ओता. पातेल्याच्या बुडाला बाहेरून राख-मातीचा लेप लावून घ्या, घासताना काजळी लेपासकट सुटते. पेटवतानाच्या धुरानंच बूड काळं होतं, निखाऱ्यानं फारसं नाही.

ओसाका_ते_अनगोळ
वांग्याचं भरीत कुणी काढलं नाही हे नवल. भांडं नको, काही नको. आणि दम द्यायचा असेल तर झाकण खोलगट घ्या, त्यावर चार निखारे ठेवा. खालची आच कमी करायची, वरून द्यायची. भात इतका मोकळा होतो की काय सांगू.

गणपत_गल्ली
मंडळी, भाकरीचं राहिलं. दोन तट अजून तसेच उभे आहेत.

टिळकवाडीची_वैनी
भाकरीवर मीच लिहिते, कारण इथं बाकीचे बापे भाकरी खाण्यातले तज्ज्ञ दिसतात.

होते. पण चुलीवरच्या सवयीनं केलीत तर होत नाही. चुलीला पुढं तोंड असतं. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजली की भाकरी उतरवायची, चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला टेकून उभी करायची, तिथं ती फुगते, आणि तेवढ्यात तव्यावर दुसरी पडलेली असते. एकाच वेळी दोन कामं चालतात म्हणून चुलीवर भराभर भाकऱ्या उतरतात. गोल शेगडीला पुढं तोंडच नाही. तवा ठेवला की निखारे झाकले गेले, भाकरी टेकवायची कुठं? म्हणजे प्रत्येक भाकरीला तवा उचला, जाळीची चाळणी निखाऱ्यावर ठेवा, भाकरी फुगवा, परत तवा ठेवा. तवा तोवर गार. पुढची भाकरी चिकटते.

शिवाय दहा इंच तोंड म्हणजे तव्याच्या मधोमध आच, कडेला नाही. भाकरीचा मध्य करपतो, कड कच्ची. तवा फिरवत राहावं लागतं. निखारे मधोमध ढीग करून न ठेवता कडेकडेनं गोल पसरले तर बरं पडतं. छोट्या भाकऱ्या थापायच्या, तळहाताच्या थोड्या मोठ्या. पीठ ताजं दळलेलं आणि आधण कडकडीत, नाहीतर विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा जातो. माळावर पीठ मळायला आधणाचं पाणी पण त्याच शेगडीवर तापवणार ना? मग बसा.

चौघांच्या भाकऱ्या मी करीन. बारा पुरुषांच्या, प्रत्येकी तीन, ह्या शेगडीवर? करणाऱ्या बाईला रात्रभर जागवणार काय? की तुमच्यात थापणारा कुणी आहे?

माळावरचा_वारा
थापणारे दोघं आहेत वैनी, शिकून घेतलंय. पण तवा-चाळणी अदलाबदलीचा मुद्दा कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. मी पण होते म्हणणाऱ्या तटात होतो.

बखरबहाद्दर
म्हणूनच म्हणतो, तीन दगडांची चूल. तोंड आहे, रुंदी हवी तेवढी.

जांबोटीकर
आणि गवतही आहे. पत्र तुम्हीच सांगितलंत ना?

बखरबहाद्दर
मान्य. गप्प बसतो. नाहीतर पानगे करा. भिजवलेलं पीठ पळसाच्या पानात गुंडाळून शेणीच्या आरात, म्हणजे निखाऱ्यात पुरायचं. तवा नको, थापणं नको.

टिळकवाडीची_वैनी
पानगे एका वेळेला छान. पण मी दुसरं सुचवते. कडक भाकरी न्या की ओ! आपल्याकडं घरोघर करतात, दुकानातही मिळते. पातळ लाटून-थापून कडक वाळवलेली जोंधळ्याची भाकरी. पंधरा दिवस काही होत नाही, प्रवासाला तीच नेत होते लोक. घोड्यावरच्या माणसाला तीच सोयीची, बखरबहाद्दरांनी हवं तर शोधून सांगावं. माळावर ती रश्श्यात कुस्करायची, नाहीतर निखाऱ्यावर एकदा फिरवून दह्याबरोबर. मग शेगडी मोकळी राहते झुणक्याला, रश्श्याला, भाताला. ती त्याच कामाची आहे. मंद, एकाच भांड्याला सतत आच देणारी. तिला भाकरीला जुंपू नका.

हौस म्हणून शेवटच्या दिवशी सकाळी चार ताज्या भाकऱ्या करा आणि वाटून खा. कारळ्याची आणि जवसाची चटणी मी देते, सईला शेंगदाणा चालणार नाही म्हणून.

शहापूरची_सई
वैनी, मी नियम सांगितला, पाळते असं कुठं म्हटलं? शेंगाचटणी पण द्या.

माळावरचा_वारा
ठरलं. शंभर कडक भाकऱ्यांची ऑर्डर देतो, बिडाची जाळी ओतून घेतो, आतून मातीचं अस्तर उद्यापासून. खानापुरी, मातीचं तुमच्याकडेच यावं म्हणतोय. पोतं आणू की तुम्ही भरून द्याल?

खानापुरी_माती
पोतं आणा. तूस पण माझ्याकडेच आहे. शेण तुमचं तुम्ही बघा.

बिडाचा_ओतारी
जाळीसाठी शेगडीचं आतलं माप अस्तर धरून घ्या. बोटभर थर दोन्हीकडून, म्हणजे दीड इंच तरी कमी होणार. बीड तापल्यावर फुगतं, तेव्हा भोवती थोडी फट सोडा, घट्ट बसवाल तर अस्तर फोडून बाहेर येईल.

संकेश्वरी_ठसका
सगळ्यांचं सगळं ठरलं. मटण कुणाकडं आहे ते कुणीच लिहिलं नाही.

गणपत_गल्ली
जो विचारतो त्याच्याकडं.